नववा फर्मा

४ जानेवारी

आजपासून दैनंदिनी लिहावयास घेतली आहे. वही स्वतः बांधलेली आहे. शिवण दुहेरी, पुठ्ठा जाड. माझे शिक्षण इयत्ता चौथीपर्यंत झाले असून ती मी पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण झालो. त्यानंतर बावन्न वर्षे पुस्तकबांधणी केली. कामाची खोली पुढे, राहती खोली मागे. आता धंदा चिरंजीव पाहतात.

लिहिण्याचे कारण असे. काल सूनबाईंच्या उजव्या डोळ्यास कपाटाचे दार लागले. डोळा पूर्ण मिटला आहे. डॉक्टरांनी पंधरा दिवस वाचन बंद ठेवण्यास सांगितले. नऊ फेब्रुवारीस त्यांचा पदवी परीक्षेचा शेवटचा पेपर आहे. उत्तीर्ण झाल्यास बहिणीच्या गावी शाळेत नोकरी मिळेल, असे त्या मजजवळ एकदा बोलल्या होत्या. तेवढ्या लांब रोज जाणार कशा, हे मी विचारले नाही. चिरंजीवांना परीक्षा पसंत नाही. मी त्यात पडत नाही.

आज त्या म्हणाल्या, "अण्णा, एक कादंबरी राहिलीय. दुसरीकडे कुठे मिळत नाही. वाचून दाखवाल?"

पुस्तक पाहून हसू आले. शंभर वर्षांपूर्वीच्या एका अमेरिकन कादंबरीचे भाषांतर. एकतीस वर्षांपूर्वी याच्या सहाशे प्रती आम्हीच बांधल्या. ही घरी ठेवलेली प्रत. घड्या व जुळणी माझ्या कुटुंबाने, म्हणजे चिरंजीवांच्या आईने केली, शिवण व पुठ्ठा माझा. त्याच साली मी माळ्याच्या शिडीवरून पडून आठ महिने कुबडीवर होतो, म्हणून साल पक्के लक्षात आहे. उजवा पाय तेव्हापासून आखूड आहे.

होकार दिला. माझे वाचन स्पष्ट आहे.

७ जानेवारी

सूनबाई कामाच्या खोलीत शाळेचे हजेरीपट शिवतात, मी स्टुलावर बसून वाचतो. एका डोळ्याने शिवता कसे येते, असे विचारले. "बोटांना दिसतं," म्हणाल्या.

कादंबरीत एक गोठलेले तळे आहे. तळ्याकाठी बर्फवाला, त्याची बायको आणि दोन घोडे. हिवाळ्यात तो करवतीने बर्फाच्या लाद्या कापतो, लाकडाच्या भुशात पुरून ठेवतो आणि उन्हाळ्यात शहरात विकतो. जेथे लादी कापली तेथे पाणी उघडे पडते. त्यावर दुधावर साय धरावी तसा पातळ थर धरतो आणि वरून काहीच कळत नाही. म्हणून काठ्या रोवून पक्की वाट आखलेली असते. तीन मैलांत दुसरे घर नाही.

प्रश्नसंचात प्रश्न असा: 'बर्फवाल्याच्या पत्नीने खुणेच्या काठ्या का हलवल्या? तिच्या कृतीचा हेतू व कादंबरीतील स्थळ यांचा संबंध स्पष्ट करा.' म्हणजे शेवट आधीच कळला. असले प्रश्न काढणाऱ्यास दंड असावा.

मी सांगितले, "स्थळ म्हणजे स्थळ. गोष्ट कुठेतरी घडायला हवी, म्हणून तळं."

"तसं नाही अण्णा. तीन मैलांत कुणी नाही, हे लेखकानं आत्तापर्यंत पाच वेळा सांगितलं. ती ओरडली तरी ऐकणार कोण?"

"बरोबर. आपल्याकडे तसं नाही. भिंतीला भिंत लागलीय. इथं सगळं ऐकू जातं."

"जातं ना," त्या म्हणाल्या आणि दातांनी दोरा तोडला.

१० जानेवारी

चाळीस हजेरीपटांना पुठ्ठे उलटे लागले. एका डोळ्याने काम केल्यावर असे व्हावयाचेच. काल संध्याकाळी चिरंजीवांनी ते पाहिले. त्यांनी सूनबाईंचे केस मुठीत धरून डोके दाबयंत्राच्या लोखंडी चौकटीवर आपटले. दोनदा. तिसऱ्यांदा भिंतीवर. "आंधळी झालीस का गं? आंधळी झालीस?" असे प्रत्येक वेळी विचारीत होते. भिंतीवर उमटलेला डाग सूनबाईंनीच नंतर ओल्या फडक्याने पुसला.

मी मागच्या खोलीत वर्तमानपत्र वाचीत होतो. दार उघडे होते. मी मोठ्याने खाकरलो. पान उलटताना आवाज केला. काही वेळाने शांतता झाली.

येथे मला स्पष्ट लिहिले पाहिजे. एके काळी माझाही हात उठत असे. शिडीवरून पडल्यावर ते बंद झाले, कारण हातात कुबडी आली. परंतु मी तोंडावर कधी मारले नाही. बाईमाणसाला चार लोकांत जावयाचे असते. चिरंजीवांना एवढा पोच नाही.

१३ जानेवारी

खालच्या दुकानातील घड्याळवाले जिन्यात भेटले.

"अण्णा, तुमच्याकडे कपाटं फार हलवतात बुवा."

"जुनं सामान आहे."

"जुनं सामान हलवताना रडतं का हो?"

"तुम्ही तुमचे काटे सांभाळा."

"ते तर सांभाळतोच. नऊ तारखेला सात दहाला सुरू झालं, सात पंचवीसला थांबलं. पंधरा मिनिटं कपाट हलत होतं."

चेष्टेची ही पद्धत मला आवडत नाही. मी वर आलो.

१७ जानेवारी

आज घडले ते कोणास सांगण्यासारखे नाही.

पृष्ठ १२८ वर बर्फवाला घरी येतो. लाद्या उचलण्याचा मोठा लोखंडी चिमटा बाहेर न ठेवता आत आणतो. शेवटची ओळ अशी: 'त्याने दार लावले, कडी घातली आणि'. मी पान उलटले. पुढे छापले आहे: 'काठ्या हलवून झाल्या तेव्हा पूर्वेला उजळत होते.' पृष्ठ क्रमांक १४५.

सोळा पृष्ठे नाहीत. छापखान्यातून मोठा कागद येतो, त्याच्या घड्या घातल्या की सोळा पृष्ठांचा एक फर्मा होतो आणि असे फर्मे क्रमाने लावून पुस्तक शिवतात. या पुस्तकातून नववा फर्मा गळला आहे. बांधणाऱ्याच्या आयुष्यात याहून मोठी नामुष्की नाही. बावन्न वर्षांत माझ्या हातून एकही फर्मा गळला नाही, हे मी आजवर ज्याला त्याला सांगत आलो. सूनबाईंनाही.

त्या सुई थांबवून ऐकत होत्या. मी न अडखळता वाचले, "कडी घातली आणि तो झोपी गेला." शेवटचे तीन शब्द माझे.

"एवढंच?"

"एवढंच."

"मग ती काठ्या का हलवते?"

"लेखकाचं सांगायचं राहिलं असेल. परका माणूस, त्याचं त्याला ठाऊक."

जुळणी कुटुंबाची होती. मेजाभोवती फिरत एकेक फर्मा उचलावयाचा, इतके सोपे काम. तिच्या हयातीत हे सापडते तर मी तिला चांगलेच दाखवले असते. तिला जाऊन अकरा वर्षे झाली.

१९ जानेवारी

कादंबरी संपली. बर्फवाला बुडाला. लेखक त्याला तीन पृष्ठे बुडवतो. तो बोटांनी बर्फाची कडा धरतो, कडा मोडते. पुन्हा धरतो, पुन्हा मोडते. नखे उपटून बर्फात राहतात. बायको दारात उभी राहून आकडे मोजते. एकशे चाळीसला हात दिसेनासे होतात. मध्येच मी पाणी मागितले. सूनबाईंनी दिले. पेला जरासुद्धा हलला नाही.

घोडे मात्र वाचतात. त्या सकाळी एका घोड्याचा नाल ढिला आहे असे सांगून ती त्यांना तबेल्यातच ठेवून घेते आणि नवरा एकटा चालत निघतो.

मी म्हणालो, "घोड्यांचा विचार करणारी बाई वाईट असू शकत नाही. आणि कारण नसताना नवरा बुडवते. हे जुळत नाही."

"कारण आहे ना. त्यानं कडी घातल्यावर काहीतरी झालंय."

"तो झोपला. स्पष्ट लिहिलंय."

"झोपणारा माणूस चिमटा घरात घेऊन येत नाही, अण्णा. बघू पुस्तक जरा."

"डॉक्टरांनी डोळ्याला ताण देऊ नका म्हटलंय," मी म्हणालो आणि पुस्तक माझ्या ट्रंकेत ठेवून कुलूप लावले.

२३ जानेवारी

चिरंजीवांना सूनबाईंची टिपणांची वही सापडली. त्यांनी ती कापणी यंत्रात सरकवून तीनदा पाते ओढले. वहीच्या चार पट्ट्या झाल्या. सूनबाई त्या गोळा करावयास वाकल्या, तेव्हा चिरंजीवांनी त्यांचा उजवा हात ओढून पात्यापुढील दाबपट्टीखाली धरला. कापताना कागद सरकू नये म्हणून ही लोखंडी पट्टी असते. वरचे चाक फिरवले की ती खाली उतरते. चिरंजीवांनी चाक फिरवले. "लिही आता. लिही की!" पाव फेरा. आणखी पाव फेरा. बोट मोडताना काडी मोडल्यासारखा आवाज येत असेल अशी माझी समजूत होती. तसा येत नाही. ओला पुठ्ठा दुमडल्यासारखा येतो. सूनबाई दोनदा ओरडल्या. नंतर तोंड उघडेच राहिले आणि त्यातून आवाज येईना.

मी दारात उभा होतो. मी म्हणालो, "यंत्र बिघडेल."

चिरंजीवांनी चाक उलटे फिरवले आणि पायांत चपला घालून बाहेर गेले. माझ्या शब्दाला घरात अजून मान आहे, असे मला त्या क्षणी वाटले. आता तीन तासांनी ते दोन शब्द मला योग्य वाटत नाहीत. दुसरे कोणते बोलावयास हवे होते ते सुचतात, परंतु येथे लिहून उपयोग नाही.

दोन बोटे मोडली. दवाखान्यात सूनबाईंनी सांगितले, "मशीनमध्ये सापडली." काटेकोर पाहता ते खरे आहे.

२८ जानेवारी

परीक्षा कार्यालयाचे पत्र आले. हाताला इजा असल्यास लेखनिक घेता येईल. मात्र लेखनिकाचे शिक्षण परीक्षार्थीपेक्षा कमी असले पाहिजे. सूनबाईंनी डाव्या हाताने पत्र माझ्यापुढे सरकवले.

"अण्णा, या नियमात तुमच्याइतकं चपखल बसणारं दुसरं कुणी नाही."

हा सन्मान की अपमान, याचा तासभर विचार केला. नंतर पेन धुऊन वाळत ठेवले.

जेवताना चिरंजीवांना कळले. ते घास घशात अडकेपर्यंत हसले. "जा, जा! एक थोटी आणि एक चौथी नापास. काय वरात आहे!"

"उत्तीर्ण," मी म्हणालो.

चेष्टा त्यांना इतकी आवडली की मनाई करावयाचे राहून गेले.

२ फेब्रुवारी

सूनबाईंना डाव्या हाताने घड्या दाबता याव्यात म्हणून कुटुंबाची हाडाची पट्टी शोधत होतो. पलंगाखाली तिचा पत्र्याचा डबा आहे. अकरा वर्षांत उघडला नव्हता. आत पट्टी, मेणाचा तुकडा, सुया आणि तळाशी फडक्यात गुंडाळलेली एक चोपडी. निळा पुठ्ठा, बारीक शिवण. उघडली. पहिलेच पृष्ठ १२९.

फर्मा गळला नव्हता. तिने काढून घेतला होता. माझ्याच घरात, माझ्याच दोऱ्याने त्याचे वेगळे पुस्तक बांधले होते. पानांचे कोपरे जुन्या कापडासारखे मऊ आहेत. कागद इतका मऊ होण्यास तो वर्षानुवर्षे हाताळावा लागतो, हे मी धंद्याच्या अनुभवावरून सांगू शकतो.

दुपारभर ती सोळा पृष्ठे वाचली. बर्फवाला चिमट्याच्या दातांत बायकोचा दंड पकडतो आणि लादी ओढावी तसा तिला जमिनीवरून ओढतो. तिचे रक्त फळ्यांवर गोठते व ती ते गरम पाण्याने खरवडून काढते. तो चिडलेला नसतो. काम करावे तसे करतो. पृष्ठ १३७ वर लिहिले आहे: 'तो तोंडावर कधी मारीत नसे, कारण रविवारी तिला लोकांत जावे लागे.' या ओळीखाली सुईने टोचून रेघ काढली आहे. छिद्रे एकसारख्या अंतरावर आहेत.

हे वाक्य मला ओळखीचे वाटले. कोठे वाचले ते आठवेना.

४ फेब्रुवारी

आठवले. पुस्तकात वाचले नव्हते. याच वहीत आहे, दहा जानेवारीस, माझ्या अक्षरात.

९ फेब्रुवारी

परीक्षेच्या ठिकाणी तासभर आधी पोहोचलो. सूनबाईंची पिशवी एका पेपरच्या मानाने जड होती. मीच धरली होती. आवारात बाकावर बसलो तेव्हा मी निळी चोपडी त्यांच्या मांडीवर ठेवली. जे सांगावयाचे ते पाठ केले होते.

"हा फर्मा आपल्या प्रतीत नव्हता. 'तो झोपी गेला' हे लेखकाचं नाही. माझं आहे. मी लपवलं."

"माहीत होतं, अण्णा. ते म्हणताना तुमचा आवाज खाली आला होता. एरवी तुम्ही दवंडी पिटल्यासारखं वाचता."

त्यांनी सोळाही पृष्ठे वाचली. टोचलेल्या रेघेवरून डाव्या हाताचे बोट फिरवले.

"सासूबाईंनी बांधलंय?"

"हो."

"कधी?"

"पुस्तक बांधलं त्याच साली असणार."

"म्हणजे तुम्ही शिडीवरून पडलात त्या साली."

"हो. का?"

त्यांनी माझ्या आखूड पायाकडे पाहिले. घंटा झाली.

आम्हांला वेगळी खोली दिली होती, एक पर्यवेक्षक बाई समोर. तिसरा प्रश्न काठ्यांचाच होता. सूनबाई डोळे मिटून हळू आवाजात सांगू लागल्या.

"लिहा. 'तिने काठ्या रागाच्या भरात हलवल्या नाहीत. राग केव्हाच संपला होता. तीन मैलांत कोणी नाही म्हणून ती मदत मागत नाही, असे वाचकाला वाटते. पण अंतर मैलांत मोजायचे नसते. त्याच घरात, उघड्या दारात उभा असलेला माणूससुद्धा तीन मैलांवर असू शकतो. हे तिला ज्या दिवशी कळले, त्या दिवशी तिने वाट स्वतः आखायचे ठरवले.'"

माझे पेन 'उघड्या दारात' येथे थांबले.

"लिहा ना, अण्णा."

"काही अडचण आहे का आजोबा?" पर्यवेक्षक बाईंनी विचारले.

"नाही," मी म्हणालो आणि लिहिले. शुद्ध लिहिले. एकही खाडाखोड नाही.

फाटकाबाहेर सूनबाईंनी चोपडी पिशवीत सरकवली. आत घडी घातलेले कपडे होते.

"अण्णा, मी बहिणीकडे जातेय. परत येणार नाही. घरी काय सांगाल?"

"मला खोटं बोलता येत नाही."

"तीन शब्द तर छान जमले होते की!" त्या हसल्या. हा आवाज मी या घरात ऐकलेला नव्हता.

मी त्यांना बसमध्ये बसवून दिले. गाडी वळेपर्यंत थांबलो.

११ फेब्रुवारी

परवाची नोंद बसस्थानकावरच लिहिली होती. पुढचे आज लिहितो, कारण काल डोळा उघडत नव्हता.

मी घरी पोहोचलो तेव्हा उन्हे कलली होती. मुलगा कामाच्या खोलीत होता.

"ती कुठाय?"

"गेली."

"कुठं?"

माहीत नाही, असे म्हणावयाचे मी वाटेत ठरवले होते. तोंडातून निघाले, "माहीत आहे. सांगणार नाही."

त्याने दाबयंत्राचा दांडा काढून घेतला. पहिला फटका गालावर. मी दाराची चौकट धरली. "कुठं गेली, म्हाताऱ्या?" दुसरा तोंडावर, दोन दात जिभेवर आले. ते मी हातात घेतले, कारण जमीन नुकतीच झाडलेली दिसत होती. असे विचार अशा वेळी का येतात ते सांगता येत नाही. तिसरा खांद्यावर, चौथा गुडघ्यावर. मी खाली गेलो. सुनेच्या बहिणीची पत्रे माझ्या नावाने येत आणि तिचे नवे घर मुलाने पाहिले नव्हते. तो तिचा पत्ता असलेले पाकीट शोधत माझी ट्रंक उलथीपालथी करू लागला. मी त्याचा पाय दोन्ही हातांनी धरला. त्याने दुसऱ्या पायाने माझ्या बरगड्यांत लाथा घातल्या. मी मोजत होतो. सातपर्यंत मोजल्या. पाय सोडला नाही.

मग मी ओरडलो. शहात्तर वर्षांत असा प्रथमच ओरडलो. जिन्यात पावले वाजली. घड्याळवाले, त्यांची बायको, समोरचे दोघे भाऊ. भावांनी मुलाला मागून आवळले आणि दांडा काढून घेतला.

घड्याळवाले माझ्याशेजारी गुडघ्यावर बसले. चेहरा पांढरा पडला होता, तरी सवयीने म्हणाले, "अण्णा, काय झालं? कपाट?"

"कपाट नाही," मी म्हणालो. "मुलानं मारलं. सुनेलाही तोच मारतो. तिचा डोळा त्यानं फोडला, तिची बोटं त्यानं मोडली. मी दारात उभा राहून पाहिलं."

दातांवाचून शब्द नीट येत नव्हते, म्हणून पुन्हा एकदा सर्वांना ऐकू जाईल असे सांगितले.

पोलिसांना जबाब मी स्वतःच्या हाताने लिहून दिला. हवालदार म्हणाले, "आजोबा, अक्षर फार सुरेख आहे हो." त्यात 'दारात उभा होतो' हे तीन ठिकाणी आले आहे. मुलगा तूर्त कोठडीत आहे.

१५ फेब्रुवारी

सूनबाई सुखरूप पोहोचल्या. घड्याळवाल्यांच्या दुकानात निरोप आला. ते चहा घेऊन वर येतात, शेजारी बसतात आणि विनोद करीत नाहीत. मला चुकल्यासारखे होते.

आज कादंबरी ट्रंकेतून काढली. पृष्ठ १२८, मग १४५. नववा फर्मा सूनबाईंबरोबर गेला आहे, तो मी परत मागणार नाही. आयुष्यात प्रथमच एक अपुरे पुस्तक, अपुरे आहे हे ठाऊक असताना, फळीवर ठेवले.

नंतर माळ्याच्या शिडीपाशी बराच वेळ उभा राहिलो. एकतीस वर्षांपूर्वी हिची वरची पायरी माझ्या पायाखाली निखळली होती. कीड लागली होती, असे कुटुंब म्हणाले आणि ती पायरी तिने त्याच दिवशी चुलीत घातली. मुलगा तेव्हा दोन वर्षांचा. रोज सकाळी तो शिडीच्या तळाशी चटईवर खेळत असे. मी जेथे आदळलो, तेथेच. त्या एका सकाळी तो तेथे नव्हता. तिने त्याला उजाडताच उचलून शेजारी नेऊन ठेवले होते.

घोडे का वाचवले, हे मला कादंबरीत समजले नव्हते. आता हा प्रश्न आला तर उत्तर मी लिहीन. मला कोणी सांगावे लागणार नाही.